ताशी सोळाच्या पुढे
प्रस्तावना

खडकी बाजार मागे टाकून बोपोडीच्या चौकातून हॅरिस पुलावर आले की इमारतींचा आडोसा संपतो, मुळेचे पात्र उघडे पडते आणि सायकल एकाएकी जड होते. रस्ता सपाट असतो, टायरमध्ये हवा असते, चेनला तेल असते. तरी पायांना चढ लागल्यासारखे वाटते. जून ते ऑगस्टच्या दिवसांत पिंपरीकडे सायकल मारणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. कॅरिअरला डबा लावून, दांडीच्या काळ्या सायकलवर ताठ बसून ड्यूटीला निघालेला कामगार आणि ड्रॉप हँडलवर वाकून लोणावळ्याच्या फेरीला निघालेला तरुण, दोघांच्या अंगावर एकच वारा येतो. त्या वाऱ्यापायी दोघांना मोजावी लागणारी किंमत मात्र फार वेगळी असते, कारण ती ठरते वेगावर.

हवेचा रोध हा शर्यतीवाल्यांचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे रोज सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना वाटते. उलट हौसेने महागडी सायकल घेणाऱ्याला वाटते की हवेवर मात करायची ती चाकांनी आणि फ्रेमनी. या दोन्ही समजुती अर्धवट आहेत. पहिल्यातला कामगार ताशी बारा किलोमीटरने जात असेल तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. वीसने जात असेल तर चूक. दुसऱ्याने पैसे खर्च करण्याआधी आपल्या कोपरांकडे पाहिलेले बरे. ही प्रस्तावना त्या दोघांसाठी आहे.

हवा दिसत नाही म्हणून तिला वजन नसते असे नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथल्या उबदार दिवशी एक घनमीटर हवा साधारण १.१ किलो भरते. सायकलस्वाराचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरले, तर ताशी ३० किलोमीटरने जाणारा माणूस दर सेकंदाला साडेचार किलोच्या आसपास हवेला धडक देत असतो. ही हवा बाजूला सारायची आणि त्यातून वाट काढायची, हे काम पायांनीच करायचे असते.

पण खरी अडचण पुढे नसून पाठीमागे आहे. छातीवर आदळलेली हवा खांद्यांवरून, कमरेच्या बाजूंनी, मांड्यांच्या मधून मागे जाते. मात्र माणसाचा देह माशासारखा मागे निमुळता होत गेलेला नसल्याने ती पाठीला चिकटून राहू शकत नाही. ती सुटते, भोवरे करते, आणि पाठीमागे कमी दाबाची एक पोकळी तयार होते. पुढे जास्त दाब, मागे कमी दाब. या फरकामुळे स्वार मागे खेचला जातो. हवा अंगाला घासून जाते त्याचा वाटा या मानाने लहान असतो. आणि हे सारे मुख्यतः शरीरामुळे घडते. सायकल आणि स्वार मिळून जो रोध होतो, त्याचा साधारण तीन चतुर्थांश वाटा एकट्या स्वाराचा. सायकल दुकानात टांगलेली असते तेव्हा ही गोष्ट सहज विसरली जाते.

आता आकड्यांकडे यावे. सायकलसह ८० किलो वजनाचा, गिअरच्या सायकलवर मध्यम वाकून बसलेला एक स्वार घेऊ. रस्ता सपाट, डांबर ठीकठाक, वारा पडलेला. त्याला दोन गोष्टींशी झगडायचे आहे: टायर रस्त्यावर लोळताना होणारे घर्षण आणि हवा. घर्षणाचा जोर वेग वाढला तरी जवळपास तेवढाच राहतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की चौपट. ताशी १० किलोमीटरला या स्वाराला एकूण १८ वॅट शक्ती लागते. त्यातले जेमतेम पाच वॅट हवेसाठी, उरलेले सगळे टायरसाठी. ताशी साडेसोळाच्या आसपास दोन्ही वाटे सारखे होतात. ताशी २० ला एकूण ६४ वॅट, त्यातले ३८ हवेचे. ताशी ३० ला १६६ वॅट आणि त्यात हवेचे १२७. ताशी ४० ला साडेतीनशे वॅटच्या वर, आणि त्यातला पंच्याऐंशी टक्के भाग निव्वळ हवा कापण्यात जातो. स्वार, टायर, बसण्याची ढब बदलली की हे आकडे पुढेमागे होतात. त्यांचा कल मात्र बदलत नाही. ताशी सोळा-सतराच्या अलीकडे टायरचे राज्य असते, पलीकडे हवेचे.

जोर वर्गाने वाढतो आणि तो जोर दर सेकंदाला जास्त अंतरावर लावावा लागतो, म्हणून हवेपायी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट, शक्ती आठपट. खडकी ते पिंपरी हे सात-आठ किलोमीटरचे अंतर घेतले तर याचा व्यवहारातला अर्थ लगेच कळतो. आठ किलोमीटर ताशी वीसने जायला चोवीस मिनिटे लागतात, ताशी तीसने सोळा. वाचली आठ मिनिटे. त्यासाठी शक्ती लागली अडीचपटीहून अधिक, आणि पोहोचेपर्यंत खर्च झालेली एकूण ऊर्जा पावणेदोन पटीच्या घरात. कामावर घामाघूम न होता पोहोचायचे असेल, तर वेग ताशी तीन-चार किलोमीटरने कमी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, पिंपरीतला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ चा. या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसे सायकलवरून पाळीला गेली. गर्दीच्या रस्त्यावर त्यांची चाल बहुधा पंधराच्या आगेमागे राहत असणार, आणि तो वेग शरीराच्या दृष्टीने अत्यंत शहाणपणाचा होता.

मात्र वारा पडलेला असणे हे पुण्यात वर्षातले काही महिनेच खरे. पावसाळ्यात इथे पश्चिमेकडून वारे येतात, आणि खडकीहून देहूरोड-तळेगावकडे जाणारा जुना मुंबई रस्ता वायव्येला धावतो. म्हणजे जाताना वारा डाव्या अंगाने तिरका तोंडावर. या वाऱ्याची नोंद ठेवणारे हवामान खाते खडकीपासून फार दूर नाही. शिवाजीनगरचे त्याचे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले आणि आजही पुणेकर त्या जागेला सिमला ऑफिस म्हणूनच ओळखतात.

समोरचा वारा काय करतो? हवेला तुमचा रस्त्यावरचा वेग माहीत नसतो. तिला कळतो तो फक्त अंगावर येणारा वेग. ताशी पंधराने जाणाऱ्याच्या तोंडावर ताशी पंधराचा वारा आला, तर त्याच्या छातीवर ताशी तीसचा दाब पडतो. आपल्या स्वाराला एरवी पंधराच्या चालीला ३५ वॅट पुरतात. आता ८० हून जास्त लागतात. सावकाश जाणाऱ्याला हवेशी देणेघेणे नाही, हा नियम इथे मोडतो. हॅरिस पुलावर डबेवाल्या सायकलचा कस लागतो तो यामुळेच.

परतीला तोच वारा पाठीशी असेल, तेव्हा सगळी भरपाई होईल, असा हिशेब अनेक जण करतात. तो जुळत नाही. ताशी वीसचा वेग धरून ठेवायचा आणि वारा ताशी दहाचा असेल, तर जाताना १११ वॅट लागतात, येताना ३६. सरासरी ७३, वारा नसता तर दोन्ही वेळा ६४ च पुरले असते. त्यात आणखी भर म्हणजे जाताना माणूस दमून वेग कमी करतो, त्यामुळे वाऱ्याविरुद्ध काढलेला वेळ पाठीशी वारा असलेल्या वेळापेक्षा नेहमीच जास्त होतो. म्हणून जाणते स्वार वाऱ्याच्या दिवशी आधी वाऱ्याच्या तोंडाला जातात आणि थकल्यावर वारा पाठीशी घेऊन परततात. उन्हाळ्यात पहाटे निघण्यामागेही उन्हाइतकेच हे कारण आहे. सूर्य वर येतो तसा वाराही जोर धरतो.

या रस्त्याने पुढे घाटाकडे गेले की गणित पुन्हा उलटते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात, आणि शर्यत जिंकणारा व घाटाचा राजा एकच असतो असे नाही. त्यामागे भौतिकशास्त्र आहे. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर आपला ८० किलोचा स्वार ताशी बाराने गेला, तर गुरुत्वाकर्षणासाठी त्याला सुमारे १५७ वॅट लागतात, टायरसाठी सोळा, आणि हवेसाठी फक्त आठ. घाटात हवा जवळपास बाजूला होते. तिथे वजन बोलते: एक किलो कमी झाले तर दोन वॅट वाचतात. सपाटीवर ताशी तीसला तोच एक किलो अर्धा वॅटही वाचवत नाही. खोपोलीपर्यंत जो जथा एकत्र असतो तो घाट लागताच का विखुरतो, याचे उत्तर यातच आहे. सपाटीवर मागचा माणूस पुढच्याच्या आडोशाला टिकून राहू शकतो. चढावर आडोशाचा उपयोगच संपतो आणि प्रत्येकाला आपले वजन आपणच वाहावे लागते.

आडोशाचे हे बळ मोजलेले आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांचा प्राणवायूचा वापर तपासला गेला. ताशी ३२ किलोमीटरला दुसऱ्याच्या मागे राहणाऱ्याचा वापर सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरला, ताशी ४० ला २७ टक्क्यांनी, आणि आठ जणांच्या घोळक्यामागे ३९ टक्क्यांनी. वेग वाढतो तसा आडोशाचा फायदाही वाढतो, हे इथे लक्षात घेण्यासारखे. पुढे २०१८ मध्ये बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ स्वारांच्या जथ्याचा अभ्यास संगणकावर आणि वातबोगद्यात केला, तेव्हा जथ्याच्या मध्यापासून मागे असलेल्या काही जागांवर हवेचा रोध एकट्या स्वाराच्या केवळ पाच ते दहा टक्के उरतो असे दिसले. टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत माणसे रोज पाच-पाच तास इतक्या मोठ्या वेगाने कशी जातात, याचे निम्मे उत्तर जथ्यात आहे. वारा तिरका असेल तर आडोसाही तिरका सरकतो. म्हणून अनुभवी स्वार एकामागे एक न राहता रस्ताभर तिरकी रांग धरतात. वाहत्या रस्त्यावर हे करू नये, हे वेगळे सांगायला नको.

मोठ्या वाहनाच्या मागचा आडोसा तर याहून मोठा. ३० जून १८९९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर चार्ल्स मर्फी याने धावत्या रेल्वेगाडीच्या मागे राहून एक मैल ५७.८ सेकंदांत कापला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मीठमैदानावर डेनिस म्यूलर-कोरेनेक हिने शर्यतीच्या मोटारीच्या आडोशाने ताशी २९६ किलोमीटरचा वेग गाठला. समोरची हवा काढून टाकली की माणसाच्या पायांत केवढा वेग दडलेला आहे, हे यातून कळते. पण त्या वाटा मोकळ्या राखलेल्या होत्या आणि पुढचा चालक तेवढ्याच कामासाठी बसलेला होता. जुन्या मुंबई रस्त्यावर ट्रकच्या किंवा पीएमपीच्या बसच्या मागे चिकटणारी मुले आजही दिसतात. ट्रकला ब्रेक लागला तर थांबायला त्यांच्याकडे एक सेकंदही नसतो, आणि पुढचा खड्डा त्यांना दिसतही नाही. ट्रक शेजारून पुढे जातानाही धोका असतो: आधी हवेचा दाब सायकलला कडेकडे ढकलतो आणि लगेच मागची ओढ तिला आत खेचते. दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून सरळ रेषेत राहणे, एवढेच त्या क्षणी करता येते.

एकट्याने जाणाऱ्याच्या हाती उरते ते त्याचे शरीर. बसण्याच्या ढबीने किती फरक पडतो याचा जगातला सर्वांत स्वच्छ पुरावा म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम. एडी मर्क्स याने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत, २,२४० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत, ४९.४३१ किलोमीटर कापले. १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री याने हात छातीखाली दुमडून ५१.५९६ किलोमीटरची मजल मारली. त्याच्या घरी बांधलेल्या सायकलमध्ये वॉशिंग मशिनचे बेअरिंग होते. सहाच दिवसांत इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला. १९९६ मध्ये याच बोर्डमनने हात पुढे लांब ताणलेल्या ढबीत ५६.३७५ किलोमीटर कापले. नंतर आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने असल्या ढबी बाद ठरवल्या आणि जुन्या पद्धतीच्या सायकलवरचा वेगळा विक्रम मांडला. २००० साली बोर्डमन मर्क्ससारख्या साध्या सायकलवर, साध्या ढबीत बसला आणि त्याचे अंतर भरले ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त. चार वर्षांत तो थोडा उतरला होता हे धरले, तरी एकाच माणसाच्या दोन तासांमधले हे सात किलोमीटर मुख्यतः हवेने खाल्लेले आहेत. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी पन्नास सेकंदांनी मागे असलेल्या ग्रेग लेमाँडने कोपरे जवळ आणणारे हँडल वापरले आणि २४.५ किलोमीटरमध्ये ती पिछाडी भरून काढत लोराँ फिन्याँला आठ सेकंदांनी हरवले, ही गोष्टही त्याच जातीची.

महाराष्ट्रातल्या माणसांनी ही झुंज लांब पल्ल्यावर दिलेली आहे. अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा अशी सुमारे पाच हजार किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पार केली. दोघांनाही बारा दिवसांच्या आत. या शर्यतीत दुसऱ्या स्वाराच्या आडोशाला राहून मजल मारायला परवानगी नसते. कॅन्ससच्या मोकळ्या मैदानांत वारा अडवायला झाडही नाही. झोप आणि थांबे धरून त्यांची सरासरी ताशी सतरा किलोमीटरच्या आसपास पडते. म्हणजे प्रत्यक्ष चालता वेग त्याहून जास्त, टायर आणि हवा जिथे समसमान होतात त्या टप्प्याच्या पलीकडचा. पुण्याहून गोव्यापर्यंतची ६४३ किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ याच शर्यतीच्या पात्रतेसाठी असते, आणि सह्याद्री उतरताना-चढताना तिथेही हवा व वजन यांचा हाच खेळ चालतो. आपल्या भागातल्या लांब पल्ल्याच्या स्वारांच्या वाऱ्याविषयीच्या नोंदी नीट जमवल्या गेल्या पाहिजेत. युरोपातल्या वातबोगद्यांतले आकडे आपल्याला मिळतात, पण पश्चिमेचा पावसाळी वारा, ओला रेनकोट आणि खडबडीत डांबर यांचे आकडे आपल्यालाच गोळा करावे लागतील.

रेनकोटाचा उल्लेख मुद्दाम केला. जुलैत बाहेरच्या बाजूने फडफडणारा सैल रेनकोट किंवा घोंगडीसारखा पसरणारा पाँचो स्वाराचे क्षेत्रफळ वाढवतोच, शिवाय फडफडण्यात शक्ती वाया जाते. अंगाबरोबर बसणारे, मनगटाला आणि कमरेला आवळता येणारे जाकीट त्यापेक्षा कितीतरी बरे. तसेच डबा हँडलला न लटकवता पाठीमागे, शरीराच्या सावलीत ठेवावा. आणि मुख्य म्हणजे कोपरे. ताठ बसलेला स्वार आणि ड्रॉप हँडलवर वाकलेला स्वार यांत ताशी बाराला पाच वॅटचाही फरक पडत नाही. ताशी वीसला तो वीस-बावीस वॅट होतो. ताशी तीसला सत्तरीच्या पुढे जातो. बाराने जाणाऱ्याने पाठ वाकवून मान दुखवून घेण्याचे काही कारण नाही. गर्दीत ताठ बसल्याने रस्ता चांगला दिसतो, आणि तो फायदा मोठा. पण वीसच्या पुढे नियमित चालणाऱ्याने आधी कोपर वाकवायला शिकावे, मग कपडे नीट करावेत, मग टायर पाहावेत, आणि हे सगळे झाल्यावर पैसे उरले तर चाके घ्यावीत. हलक्या फ्रेमसाठी हजारो रुपये मोजण्याचा विचार फक्त घाट चढणाऱ्याने करावा.

पुढची पाने वाचण्याआधी वाचकाने एक प्रयोग करून पाहावा. रविवारी भल्या सकाळी, वारा पडलेला असताना, रहदारी नसलेला आणि खाली सपाट रस्त्याला मिळणारा एखादा लांब, सौम्य उतार निवडावा. वरच्या एका ठरावीक खुणेपासून पायडल न मारता सायकल सोडावी, एकदा ताठ बसून आणि एकदा कोपरे वाकवून पाठ खाली घेऊन. दोन्ही वेळा हात ब्रेकवर असू द्यावेत. सायकल कुठे थांबते ती जागा खडूने दाखवून ठेवावी आणि प्रत्येक ढब तीन-तीन वेळा तपासावी. दोन खुणांमधले अंतर पावलांनी मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, सोबत तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा. पुढची प्रकरणे वाचताना हा स्वतःचा आकडा हाताशी असला पाहिजे.